उन्हाळ्यातल्या कुंड्या आणि उन्हाळ्यातली माणसं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक संघ व महिला मंडळ यांनी मार्च महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये घेतलेल्या एकत्रित कार्यक्रमातील भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



‘उन्हाळ्यातील बागकाम व घरगुती उपाय’ असा विषय मला दिला आहे आणि वेळ दिली आहे वीस मिनिटं. मी साधा बी.कॉम. माणूस. अडतीस वर्षं बँकेत गेली. कृषी महाविद्यालयाची पायरी चढलो नाही आणि वैद्यकी तर नाहीच नाही. मग माझं भांडवल काय? तर ठिकठिकाणच्या बदल्या, आणि आजवर माझ्या हातून मेलेली झाडं. दोन्हींची संख्या चांगली आहे. त्यामुळे जे सांगेन ते अनुभवाचं म्हणून ऐका. औषधपाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचाच धरा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका ठिकाणी हेच वाक्य मला वेगळ्या कारणाने परत घ्यावं लागणार आहे.

आधी झाडं.

२००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा आमच्या फ्लॅटला लागून असलेली गच्ची बघून सौ. म्हणाली, “इथे चार कुंड्या ठेवू.” त्या चाराच्या बेचाळीस झाल्या. निवृत्तीनंतर हौस वाढली, ज्ञान तेवढंच राहिलं. संध्याकाळी पाइप घ्यायचा आणि वीस मिनिटं सगळ्यांवर धरायचा, ही माझी बागकामाची पद्धत. पानं धुतली गेली, मातीचा वास सुटला की आपल्याला वाटतं, झाडं खूश झाली. प्रत्यक्षात वरची बोटभर माती भिजलेली असते आणि मुळाशी कोरडं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पानं माना टाकतात.

पुढे टँकर सुरू झाले आणि पाण्याचं बिल सभासदांत वाटायची वेळ आली. खजिनदार मीच. एके दिवशी बादली लावून मोजलं. पंधरा लिटरची बादली पाइपाने एका मिनिटात भरली. म्हणजे वीस मिनिटांत तीनशे लिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी मगाने, प्रत्येक कुंडीला बुंध्याशी, जिरेल तेवढंच पाणी घातलं. बेचाळीस कुंड्यांना मिळून तीस लिटर पुरलं! रोजचे दोनशे सत्तर लिटर मी फरशीवरून खाली सोडत होतो. टँकर दहा हजार लिटरचा. सदतीस दिवसांत एक अख्खा टँकर मी एकट्याने वाया घालवत होतो, आणि मीटिंगमध्ये उभं राहून पाणी जपून वापरा असं सर्वांना सांगतही होतो. हे आज कबूल करतो. वसुली मुदतबाह्य झाली आहे.

तर पाणी सकाळी सातच्या आत. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी त्या कुंडीला सुट्टी. एप्रिल-मे महिन्यांत लहान कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा थोडं लागतं. भर उन्हात पाणी घालू नये, आणि पाइप उन्हात पडलेला असेल तर आधी त्यातलं पाणी बादलीत काढून घ्यावं. पाइपात तापलेलं पाणी हाताला चटका देतं, मुळांचं काय होत असेल! या पाइपाची गोष्ट पुढे येणार आहे.

दुसरं म्हणजे आच्छादन. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, काहीही चालतं. मातीवर दोन इंच थर द्यायचा. चिपाडं धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांचं संमेलन भरतं. आपल्या आवारात जानेवारी-फेब्रुवारीत बदामाची नि सोनमोहराची पोतंभर पानं पडतात आणि आपण ती घंटागाडीत देतो. मार्चमध्ये तीच पानं लाखमोलाची. या एका गोष्टीने माझं पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं.

स्वयंपाकघरातलं तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी झाडांना उत्तम. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतात. फुलझाडांना खुशाल घाला. आरओ मशीनच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल मात्र नेहमी विचारतात. त्यात क्षार एकवटलेले असतात. रोज तेच घातलं तर दोन महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसतात आणि पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरावं. घालायचंच असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून, तेही अधूनमधून.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या उन्हात तव्यासारख्या तापतात. त्यांना भोवती ओलं गोणपाट गुंडाळा किंवा मोठ्या रिकाम्या मातीच्या कुंडीत ती कुंडी उतरवा. हिरवी जाळी सरसकट सगळ्यांवर ताणू नका. नेचे, मनीप्लांट, पालेभाजी यांना सावली हवी. मोगऱ्याला ऊन लागतं, बोगनवेल आणि अडेनियम तर उन्हावरच जगतात. बोगनवेलीला फार पाणी घातलं की नुसती पानं येतात, रंग येत नाही. तिला थोडं तहानलेलं ठेवा. चिनी गुलाब, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो, तो आणि सदाफुली मे महिन्यातही हिरमुसत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी यांच्यापासून करावी. उरुळी कांचनच्या नर्सरीत जाऊन एप्रिलमध्ये गुलाबाची दहा रोपं आणण्याची चूक मी दोनदा केली आहे. ती जून-जुलैत आणा. कुंडी बदलणं, मोठी छाटणी, भरपूर खत ही कामंही उन्हाळ्यात नकोत. तापलेल्या माणसाला पक्वान्नाचं ताट वाढल्यासारखं होतं ते.

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने पुसून काढा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या द्रावाचे चार थेंब घालून, हलवून, संध्याकाळी फवारा. सकाळी फवारून वर ऊन लागलं तर पानं भाजतात. पानांखाली बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्याला कोरडी उष्ण हवा मानवते, म्हणून पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारत राहायचं.

आठ दिवस गावाला जायचं असेल तर किल्ली शेजाऱ्यांकडे देणं हा पहिला उपाय. शेजाऱ्यांशी पटत नसेल तर मोठ्या कुंडीत छोटं, आतून-बाहेरून न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि वर झाकणी ठेवा. पाणी पाझरत राहतं. चार-पाच दिवस निघतात.

गच्चीबद्दल एकच. कुंडी विटांवर ठेवा आणि विटांखालून हवा खेळू द्या. माझ्या कुंड्या सात वर्षं सरळ फरशीवर होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूमच्या छताला ओल आली ती माझ्यामुळे. वॉटरप्रूफिंगचा खर्च मी दिला, पण काका त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नव्हते. आता बोलतात. आज पहिल्या रांगेत बसलेत.

आता दुसरा भाग, घरगुती उपाय. यातलं बरंचसं बदल्यांनी शिकवलं.

अकोल्याला होतो तेव्हा तिथला मे महिना म्हणजे पंचेचाळीसची गोष्ट. शाखेच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या असत आणि शिपाई तासातासाला त्यांच्यावर पाणी मारायचा. पहिला झोत आत आला की कॅशियरसुद्धा गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. सकाळी घरातून निघताना डोक्याला दुपट्टा आणि पोटात पन्हं, हा तिथला नियम. खिशात कांदाही असायचा. आमचे मॅनेजर साहेब तर कोटाच्या खिशात कांदा ठेवून ऑडिटला बसत. कोकणात चिपळूणला गेलो तर ऊन कमी पण घामाने जीव नको. तिथे कोकमाचं सरबत आणि जेवणात सोलकढी. सोलापूरला ताक आणि ज्वारीची आंबील. तिन्ही ठिकाणी घटक वेगळे, पण नीट बघितलं तर हिशोब एकच: पाणी, थोडं मीठ, थोडं गोड किंवा आंबट. घामाने जे खर्ची पडलं ते जमा करायचं.

पन्ह्याला कैरी उकडून घ्या, गूळ गरापेक्षा दीडपट-दुप्पट, चिमूटभर मीठ, वेलदोडा. मधुमेह असलेल्यांनी या दुपटीकडे पाठ फिरवावी आणि ताकाकडे वळावं. ताक पातळ, जिरेपूड लावलेलं. रक्तदाबवाल्यांनी मीठ हात राखून घालावं. कोकमाचं आगळ खारवलेलं असतं हे पुष्कळांना लक्षात राहत नाही. माठात वाळ्याची जुडी धुऊन टाकली की पाण्याला जो वास येतो त्याला फ्रिजची सर नाही. जुडी तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवा, नाहीतर बुळबुळीत होते. सब्जा भिजवून दुधात वा सरबतात घ्या, कोरडा तोंडात टाकू नका.

उन्हाळे लागले, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की रात्री चमचाभर धणे भिजवून सकाळी ते पाणी प्यायचं, दिवसभर पाणी वाढवायचं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण ताप आला, थंडी वाजली, कंबर दुखू लागली किंवा लालसर लघवी झाली तर धणे बाजूला ठेवून लघवी तपासून घ्या. घामोळ्यांना चंदन उगाळून लावा, हरकत नाही. खरा उपाय सुती सैल कपडा आणि कोरडी त्वचा.

मुलांचा नाकाचा घोळणा फुटला की आपण काय करतो? मान मागे टाकायला लावतो आणि डोक्यावर पाणी ओततो. आमच्या आईने माझ्यावर शंभर वेळा केलं असेल. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. मुलाला बसवून थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं दाबा, तोंडाने श्वास घेऊ द्या. दहा म्हणजे घड्याळाची दहा. मधे सोडून बघायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांनी, किंवा थांबतच नसेल तर, सरळ दवाखाना गाठावा.

आता ती गोष्ट सांगतो. खरं तर यासाठीच मी बोलायला होकार दिला.

आवारातला भिंतीलगतचा मोगरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो लावला आपल्या माळीमामांनी. २००३ पासून ते आपल्याकडे होते. डिसेंबरअखेर मोगऱ्याचं पाणी तोडायचं, जानेवारीच्या शेवटी छाटून शेणखत द्यायचं आणि मगच पाणी सुरू करायचं, हे मला त्यांनी शिकवलं. त्यामुळेच गुढीपाडव्याला प्रत्येक घरी ओंजळभर फुलं जायची.

२०१९ च्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर होता. टँकर दुपारी साडेबाराला यायचा आणि बागेची टाकी तेव्हाच भरायची. सकाळचं पाणी झाडांना पुरत नाही, अशी तक्रार आली. मी मामांना म्हटलं, “टँकर आला की लगेच दुपारचं पण एकदा मारून घ्या.” ते म्हणाले, “साहेब, उन्हाचं झाडाला चालत नाही.” मी म्हटलं, “झाडाचं मी बघतो, तक्रार मिटवा.” त्यांच्या डोक्यावरच्या उन्हाचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही सुचला नाही. हा आदेश माझा होता. मिनिट्स-बुकात नाही, पण होता.

चौथ्या दिवशी एकच्या सुमाराला वॉचमनने हाक मारली. मामा मोगऱ्याच्या वाफ्यापाशी बसले होते आणि काहीतरी असंबद्ध बोलत होते. मला त्यांनी ओळखलं नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं. आम्ही पाच-सहा जण जमलो आणि प्रत्येकाला उपाय माहीत होता. मी अकोल्याचा, म्हणून मीच पुढे. कांदा ठेचून तळपायाला चोळला. कुणी पन्हं आणलं, कुणी ग्लुकोजचं पाणी. एकाने तापाची गोळी काढली. त्यांचे दात घट्ट मिटलेले होते तरी आम्ही चमच्याने पाजायचा प्रयत्न करत होतो. यात किती वेळ गेला? नंतर वॉचमनच्या नोंदवहीवरून काढला. पंचवीस मिनिटं. सगळे सद्भावनेनेच करत होतो हो.

सी विंगमधली एक मुलगी त्या वेळी नर्सिंगला होती. ती कॉलेजातून येत होती. आमचा घोळका बघून धावत आली आणि ओरडली, “काका, तोंडात काही घालू नका, ठसका लागेल!” तिने आम्हाला मामांना सावलीत उचलायला लावलं, शर्ट काढला आणि बागेचा पाइप मागितला. मी लगबगीने नळ सोडून पाइप मामांवर धरणार, तर तिने तो हातातून ओढून घेतला आणि तोंड गटाराकडे केलं. पाइपातून वाफाळलेलं पाणी येत होतं. मिनिटभराने गार आलं, तेव्हा तिने मामांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं, दोघांना वर्तमानपत्राने वारा घालायला लावलं आणि प्रत्येक घरातून बर्फ आणायला सांगून मान, काखा, जांघा इथे फडक्यात गुंडाळून ठेवला. १०८ ला फोनही तिनेच लावायला लावला. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात तोवर तो नंबर आलेला नव्हता.

मामा वाचले. आठ दिवस दवाखान्यात होते. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता, तो हळूहळू सावरला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उष्माघातात किती लवकर अंग गार करता यावर सगळं असतं, तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. कांद्याबद्दल मी विचारलं नाही. पायाला त्याचा वास तेव्हाही येत होता. मामांना पुन्हा उन्हात काम करता आलं नाही. ते गावी मुलाकडे राहतात. दवाखान्याचं बिल सोसायटीने भरलं, हे आपल्याला अहवालातून ठाऊक आहे. त्याचं कारण अहवालात नव्हतं. ते आज सांगितलं.

म्हणून, डॉक्टरांचा शब्द शेवटचा असं मी सुरुवातीला म्हणालो, ते या एका बाबतीत मागे घेतो. इथे डॉक्टरांची वाट बघत बसायचं नाही. माणूस उन्हातून आल्यावर असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, शुद्ध हरपतेय आणि अंग खूप तापलंय, मग घाम असो वा नसो, तर १०८ ला फोन आणि त्याच क्षणी पाणी अंगावर. तोंडातून काही नाही. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या, पायात गोळे आलेल्या माणसाला मात्र पाजा: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या आणि नवं करा.

आपल्या वयाच्या मंडळींसाठी आणखी थोडं. साठीनंतर तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं पण सांगावा येत नाही. मी सकाळी दोन बाटल्या भरून टेबलावर ठेवतो आणि जेवायच्या वेळी एक, झोपायच्या आधी दुसरी संपली का ते बघतो. कॅश टॅली केल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली आहेच. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं, त्यांनी तेच पाळावं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या यांचं प्रमाण उन्हाळ्यात बदलायचं का, हे मार्चमध्येच एकदा विचारून घ्यावं. परस्पर गोळी बंद करू नये.

२०१९ नंतर आपण बागकामाची वेळ सहा ते दहा केली, पाण्याच्या टाकीला झाकण आणि सावली केली, आणि टँकर पहाटे मागवतो. सध्याच्या माळीदादांना, वॉचमनना, इस्त्रीवाल्याला आणि घरोघरी पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांना गेटपाशी माठ ठेवलेला आहे. माठ रोज घासण्याची पाळी विंगवार लावली होती. मागच्या वर्षी मे महिन्यात बी विंगची पाळी नऊ दिवस चुकली. मी बी विंगमध्येच राहतो, म्हणून नाव घेतलं. या वर्षीचा तक्ता नोटीस बोर्डावर लागला आहे, तो आज जाताना बघून जा.

मागच्या दिवाळीत मी आणि सौ. मामांना भेटायला गेलो होतो. अंगणात त्यांनी मोगरा लावलाय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्या भिंतीलगतच्या वाफ्याचा. “जानेवारीत छाटला का साहेब? पाणी तोडलं का?” मी म्हटलं, “तोडलं.” या जानेवारीत छाटणी मीच केली, माझ्या मते जरा जास्तच झाली, पण कळ्या धरल्या आहेत.

पाऊस सुरू झाला की त्या मोगऱ्याची दाब कलमं करणार आहे. जमिनीलगतची फांदी वाकवायची, डोळ्याखाली साल जरा खरवडायची, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दोन महिन्यांत मुळं फुटतात, मग तोडून कुंडीत लावायचं. साधारण पंधरा कलमं होतील असा अंदाज आहे. ज्यांना हवी असतील त्यांनी नावं सेक्रेटरींकडे द्यावीत. कुंडी आणि वीट आपापली आणावी.

वीस मिनिटांची पस्तीस झाली. चहा आलेला दिसतोय, आणि ज्यांना चहा नको त्यांच्यासाठी सौ.ने ताक केलं आहे, त्यात मीठ कमी घातलंय. प्रश्न असतील तर पितापिता विचारा.